खिशातली धार

रामपुरी म्हटलं की व्हिलन आठवतो आणि स्विस नाइफ म्हटलं की फॉरेन ट्रिप! पण सातारा-सांगलीच्या घराघरांत, आजोबांच्या चंचीपासून द्राक्षबागेपर्यंत, छोट्या पात्यांचं एक देखणं जग लपलंय. कलेक्शन सुरू करायचंय? मग हा स्टार्टर कोर्स तुमच्यासाठी...

तुमच्या खिशात आत्ता काय काय आहे? मोबाइल, पाकीट, बाइकची चावी, इअरफोन... झालं? आता साताऱ्याकडच्या एखाद्या पणजोबांची चंची उघडून बघा. एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी, मग तंबाखू, चुन्याची डबी आणि या सगळ्यांच्या मधोमध तोऱ्यात बसलेला अडकित्ता! कमरेला खोचायचा, लागला की काढायचा, काम झालं की मिटून परत आत. आपण आज ज्याला स्टाइलमध्ये ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणतो ना, ते आपल्याकडे हे असं होतं.

खिशातल्या चाकूंचं कलेक्शन हा जगभरातला भारी शौक आहे. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये वर्कशॉप टाकलं आणि १८९७ मध्ये त्याच्या ऑफिसर्स नाइफची रीतसर नोंदणी झाली. तोच आजचा लाल स्विस आर्मी नाइफ. फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० चा. जपानचा ‘हिगोनोकामी’ तर एके काळी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक करायला असायचा. आज मिकी नावाच्या गावातलं एकच घराणं तो त्या नावाने बनवतं. कलेक्टर मंडळी त्यासाठी जीव टाकतात.

आणि आपण? आपल्याकडे चाकूचं कलेक्शन म्हटलं की घरचे आधी डॉक्टरांचा नंबर शोधतात, मग वकिलाचा! म्हणूनच गेले काही आठवडे मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत याच एका गोष्टीच्या मागे फिरत होते. आपल्या मातीतला ‘पॉकेट नाइफ’ नेमका कोणता? तो मिळतो कुठे? आणि खिशात ठेवला तर पोलीस पकडतात का? उत्तरं वाटली होती त्यापेक्षा बरीच इंटरेस्टिंग निघाली.

पहिला नंबर अडकित्त्याचा

तुमच्या कलेक्शनचा पहिला पीस विकत घ्यायचाच नाहीये. तो बहुतेक तुमच्या घरातच आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात, नाहीतर आजीच्या कपाटातल्या स्टीलच्या डब्यात. शोधा!

अडकित्ता म्हणजे दोन दांड्या, एका टोकाला खिळा, वरच्या दांडीला पातं. सुपारी मधे, जोर दुसऱ्या टोकाला. शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ आठवतेय? तीच ही. म्हणून तर दगडासारखी सुपारी आजीच्या दोन बोटांच्या जोरावर कट्‌ करून फुटते. शब्दही मजेशीर आहे. कानडीत सुपारीला ‘अडके’ म्हणतात, त्यातूनच आपला अडकित्ता आला. जतकडे गेलात की एकाच चहाच्या टपरीवर मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतं. तिथे हा शब्द कुठून आला ते कुणी समजावून सांगायची गरजच पडत नाही.

माझ्या आजीचा अडकित्ता खटाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात आहे. वीतभर लांब, पितळी दांड्या, पोलादी पातं. आजोबांची सुपारी त्यानेच कातरली जायची, पण घरात बाळंतीण आली की अडकित्ता आजीच्या ताब्यात. डिंकाच्या लाडवांसाठी ती शेरभर खारीक बसल्या बसल्या कातरायची. पातं इतक्या वेळा धार लावून झिजलंय की मधे चक्क खोलगट झालंय. मला विचाराल तर हा त्याचा सर्वांत भारी भाग आहे. कुठल्याही दुकानात हे असं झिजलेपण विकत मिळत नाही.

अडकित्त्यात किती व्हरायटी असते हे बघायचं असेल, तर साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर (१८९६-१९९०) हे चष्म्याच्या व्यवसायातले गृहस्थ. ‘अज्ञातवासी’ नावाने कविताही करायचे. गावोगाव फिरून त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. तिथले अडकित्ते बघाच. मोर, पोपट, घोडे, माणसांच्या जोड्या... सुपारी कातरायच्या साध्या हत्यारावर कारागिरांनी केवढी हौस केलीय! एक माणूस काच-कपाटात ठेवायच्या लायकीच्या वस्तू लोकांच्या स्वयंपाकघरांतून शोधू शकतो, हे बघून नव्या कलेक्टरला सॉलिड धीर येतो.

आता एक सीरियस मुद्दा. अडकित्ता कलेक्ट करा, सुपारी नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, अगदी तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत टाकलं. त्याआधीच पुड्यांनी अडकित्त्याचं काम हिसकावून घेतलं होतं. कातरलेली सुपारी पाकिटात मिळायला लागल्यावर अडकित्ता हवाय कुणाला? महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण अडकित्ता काही चंचीत परतला नाही. तेव्हा त्याला नवं काम द्या. खारीक, बदाम, सुकं खोबरं... ऑफिसच्या डब्यातल्या ड्रायफ्रूट्ससाठी याहून कूल कटर नाही. आणि लोणच्याच्या सीझनला मंडईत फळीवर बसवलेला भलामोठा अडकित्ता बघितलाय ना? कैरीच्या कोयीसकट फोडी करणारा? तो याचाच थोरला भाऊ.

कलम: शब्द एक, चाकू दोन

मराठीत ‘कलम’ म्हणजे लेखणी आणि ‘कलम’ म्हणजे झाडाचंही कलम. गंमत म्हणजे दोन्हींसाठी खास छोटा चाकू लागतो.

पहिला लेखणीचा. बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरूला तिरका काप द्यायला धारदार छोटं पातं लागायचं. टोक बोथट झालं की पुन्हा काप. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाच्या लेखण्या तासण्यावरूनच आलाय. साताऱ्यासारख्या छत्रपतींच्या राजधानीत दप्तरांची कमी नव्हती, त्यामुळे अशा चाकूंचीही नसणार. आज कॅलिग्राफी करणारी मंडळी बोरू पुन्हा हातात घेतायत. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर तुमच्या कलेक्शनला सुरुवात करायला हे परफेक्ट निमित्त आहे.

दुसरा बागेतला. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला गेलात, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात. इथे ‘डॉगरिज’सारख्या दणकट जंगली खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. पाचर कलम म्हणतात त्याला. काडीला दोन्ही बाजूंनी काप देऊन पाचर करायची, खुंटाला चीर पाडायची, पाचर आत बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचं. पुढची पंधरा वर्षं त्या बागेतून काय येणार, हे त्या दोन इंचांच्या कापावर ठरतं!

तिथल्या एका बागाईतदार आबांकडे त्यांचा जुना कलमाचा चाकू होता. लाकडी मूठ, मिटणारं सरळ पातं. बोट फिरवून बघितलं तर धार एकाच बाजूने. मी विचारलं, ‘आबा, हे असं का?’

‘एका अंगानं धार असली की काप सपाट बसतोय, पोरी. आणि एका दमात मारायचा. घासत बसलीस की कलम गेलंच म्हणून समज.’

किती साधं लॉजिक! दोन्हीकडून धार असलेलं पातं लाकडात शिरताना वाकडंतिकडं पळतं. एकीकडून सपाट असलेलं पातं काप सरळ ठेवतं, काडी आणि खुंट एकमेकांना चिकटून बसतात. आता आबांच्या बागेत कलम बांधायला येणारी पोरं बदलायच्या ब्लेडचा कटर वापरतात. धार गेली की ब्लेड फेकून नवं. आबांचा चाकू खुंटीला टांगलेल्या पिशवीत असतो. ‘विकणार का?’ असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी तो ज्या हाताने मिटून परत ठेवला ते बघून गप्प बसले. कलेक्शनचा पहिला नियम मला तिथेच कळला. ज्या चाकूला अजून मालक आहे, तो विकाऊ नसतो.

वस्तरा आणि तो फेमस खटका

मिटणाऱ्या पात्यांच्या यादीत वस्तऱ्याला विसरू नका. न्हाव्याच्या धोकटीतला तो मिटणारा वस्तरा, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट फिरवून पाजळलेला. एचआयव्हीची भीती पसरल्यावर सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड आलं आणि जुने वस्तरे ड्रॉवरमध्ये गेले. ओळखीच्या सलूनमध्ये प्रेमाने विचारलंत, तर निदान बघायला नक्की मिळतील. मूठ, खिळा, पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का... बघण्यासारखं बरंच असतं.

राहिला रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत पोचवला. ‘वक्त’मध्ये (१९६५) राजकुमारने चाकूवाल्या गुंडाला ज्या थंडपणे गप्प केलं, तो सीन आपल्या आई-बाबांना अजून तोंडपाठ असतो. रामपूरने तर २०२३ मध्ये चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला. पण नवख्या कलेक्टरने सुरुवात इथून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का ते पुढे कायद्याच्या भागात सांगते.

मिरजेत काय झालं?

सांगलीहून मिरज शेजारीच. तिथे मी चाकू शोधायला गेले आणि सतारीच्या गल्लीत पोचले. हो, सतार!

मिरजेची तंतुवाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी चढवणारे, धार लावणारे कारागीर. तलवारी आणि कट्यारी घडवणं-पाजळणं हा त्यांचा धंदा. पण १९व्या शतकात पेशवाई संपली, पुढे सातारचं राज्यही कंपनीने खालसा केलं आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरकडचे भोपळे आले, लाकूड आलं आणि ज्या घरांत पाती घासली जायची तिथे तंबोरे जुळू लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या गावात त्या वाद्यांना गिऱ्हाईकही मिळालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानात एक कारागीर तंबोऱ्याच्या ब्रिजवरून, म्हणजे घोडीवरून, बारीक कानस फिरवत होते. एक घासा, मग तार छेडून ऐकायचं, पुन्हा एक घासा. मला सारखं वाटत होतं, हा हात ओळखीचा आहे. पात्याला धार लावणाऱ्याचा हात असाच हलका फिरतो.

मिरजेची गोष्ट हॅपी एंडिंगवाली आहे, कारण कारागिरांना दुसरं काम सापडलं. पण गावातल्या लोहाराचं काय?

मामा, एक चाकू बनवाल का?

मिरज तालुक्यातल्याच एका गावात लोहाराचं दुकान सापडलं. ऐरण, घण, सांडशी, कोळशाची भट्टी. भात्याच्या जागी आता विजेवरचा पंखा. मामा कोयत्यांना धार लावत होते.

‘मामा, मिटणारा चाकू बनवाल का? खिशात मावेल असा.’

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘कशाला पायजे, ताई?’

‘फळं कापायला. आणि ठेवायला.’

‘आता कोण करून घेतंय? इळं, खुरपी, कोयतं, एवढंच येतंय. पोरगं कंपनीत हाय माझं. ह्याच्यात पडायचं न्हाई म्हणतंय.’

पण केला त्यांनी! ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतला, लाल करून ठोकून पातळ केला, कानशीने आकार दिला. मग पुन्हा लाल करून पाणी दिलं. म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक केलं. तेवढ्यावर थांबलं तर पातं काचेसारखं तुटतं, म्हणून पुन्हा जराशी ऊब देऊन कडकपणा बेताने उतरवला. लोखंडावर पिवळसर झाक आली की मामा बाजूला काढतात. थर्मामीटर वगैरे काही नाही, सगळा डोळ्यांचा हिशेब. बाभळीच्या लाकडाची मूठ, एक रिबिट आणि तीन इंची पातं. फिनिशिंग? स्विस नाइफसमोर अगदीच गावठी. पण संत्रं असं सोलतो की बस!

मामांच्या दिवसभराच्या मजुरीचे पैसे मी दिले, तेव्हा ते म्हणाले, ‘आणि कुणाला पायजे असला तर पाठवा.’ या अख्ख्या फिरतीत माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच होतं. कारण जुने चाकू कलेक्ट करणं सोपं आहे, ते कुठेही पळून जात नाहीत. संपत चाललाय तो चाकू करणारा हात. तुम्ही पाच जुने पीस घेणार असाल, तर एक नवा लोहाराकडून बनवून घ्या. असं प्रत्येक कलेक्टरने केलं, तर कदाचित एखाद्या मामांचं पोरगं कंपनीतून आल्यावर संध्याकाळी भट्टी पेटवेलही.

घेताना काय बघाल?

जुना बाजार, भंगारवाले, यात्रांमधली दुकानं, मोडीत काढलेल्या वाड्यांचं सामान... पुसेगावच्या सेवागिरींच्या यात्रेपासून खरसुंडीच्या सिद्धनाथापर्यंत कुठेही तुमचं नशीब उघडू शकतं. फक्त डोळे उघडे ठेवा.

सांधा: चाकू उघडून पातं हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळत असेल तर खिळा सैल झालाय. दुरुस्त होतं, पण किंमत पाडून घ्या!

गंज: काळपट थर चालतो, तो जुन्या पोलादाचा रंग आहे. लाल, खवले सुटणारा गंज म्हणजे पातं अजून आतून खाल्लं जातंय.

शिक्का: पात्याच्या बुडाशी बारीक ठसा असतो. इंग्रजी अमलात शेफील्डचे चाकू आपल्याकडे खूप यायचे. जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि क्रूस हा ठसा कलेक्टर लोकांना एकदम प्यारा. पण जे नाव फेमस, त्याच्या नकलाही भरपूर. ठसा पुसट-वाकडा असेल तर सावध.

मूठ: पितळ, लाकूड, म्हशीचं शिंग, सगळं चालेल. हस्तिदंत आणि सांबरशिंगाला मात्र लांबूनच नमस्कार! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा आहे. ‘फार जुनं आहे हो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

गोष्ट: ‘हा अमुक सरदारांचा चाकू’ असं विक्रेता म्हणाला की किंमत तिप्पट होते. पुरावा मागा. आठवतंय का, जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा केवढ्या रांगा लागल्या होत्या! सातारच्या रेसिडेंटपदी राहिलेल्या ग्रँट डफकडे ती होती. पण खुद्द त्या म्युझियमने ही वाघनखं महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं लिहून ठेवलंय. एवढं मोठं म्युझियम जर ‘ऐकीव’ आणि ‘सिद्ध’ यांत फरक करतं, तर आपण का करू नये? आजोबांच्या अडकित्त्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणाचा, कुठल्या गावचा, कधी मिळाला. पन्नास वर्षांनी तोच पुरावा.

आणि हो, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. अशी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लंडनच्या मावसभावाला गिफ्ट पाठवायच्या आधी विचार करा.

खिशात ठेवू का?

आता मेन मुद्दा. शस्त्र कायदा १९५९ सालचा. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यात ‘शस्त्र’ धरल्या जात नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, पण तिथेही घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती वगळली आहेत. म्हणजे आजीचा अडकित्ता, कलमाचा चाकू, तीन इंची फळांचा चाकू यांना सहसा हरकत नाही.

पण थांबा, पिक्चर अभी बाकी है! महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. पेपरात छोट्या अक्षरांत येणारी ती बातमी वाचत जा. तलवारी, भाले, लाठ्या यांच्यासोबत ‘सुरे’ हा शब्दही त्यात असतो. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. दिल्लीला जाणार असाल, तर तिथे साधारण तीन इंच किंवा त्याहून लांब पात्याच्या बटनवाल्या आणि खटक्याच्या चाकूंवर वेगळी बंदी आहे. रामपुरीपासून सुरुवात नको म्हटलं ते यासाठीच. विमानात चाकू हँडबॅगेत अजिबात नाही, चेक-इन सामानात टाका. कोर्ट, सरकारी कचेऱ्या, मॅचचं स्टेडियम, मल्टिप्लेक्स, कुठेही सोबत नको.

आणि ते रील्स! तलवारीने केक कापला, हातात कोयता घेऊन स्टेटस टाकलं आणि दुसऱ्या दिवशी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, अशा बातम्या आपल्या जिल्ह्यांतही येतात. पंचविशीतल्या पोराची नोकरी, पासपोर्ट, सगळं त्या पंधरा सेकंदांत अडकतं. अगदी अडकित्त्यातल्या सुपारीसारखं! चाकू हत्यार आहे की अवजार, हे पात्याइतकंच तुम्ही तो कशासाठी काढला यावरही ठरतं. पेरू कापायला काढला तर शेजारचा माणूस एक फोड मागतो. दाखवायला काढला तर तोच माणूस मागे सरकतो. इतकं सिंपल आहे.

निगा राखायची आहे?

* साध्या पोलादाचं पातं लिंबू-कैरी कापल्यावर लगेच धुऊन कोरडं करा. पावसाळ्यात खोबरेल किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा.
* चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, ओल धरून गंज चढतो. सुती कापड बेस्ट.
* जुन्या पितळेला चिंच लावून लखलखीत करायचा मोह आवरा. तो मळकट सोनेरी रंग म्हणजे वस्तूचं वय आहे.
* धार लावायला निसणा किंवा दोन बाजूंचा ऑइल स्टोन घ्या. पातं दगडावर उभं धरा, मग अर्धं झुकवा, पुन्हा अर्धं झुकवा. आलेला तो साधारण बावीस अंशांचा कोन फळांच्या चाकूला मस्त चालतो. कलमाच्या चाकूला आणि अडकित्त्याला मात्र ज्या बाजूने धार आहे त्याच बाजूने घासा.
* हे जमत नसेल तर सायकलवरून येणाऱ्या धारवाल्याला हाक मारा. दहा मिनिटांत काम आणि गप्पा फ्री!
* मुलांच्या हाताला लागेल असं काही ठेवू नका.

बजेटचं टेन्शन घेऊ नका. बाजारातला नवा साधा लोखंडी अडकित्ता मल्टिप्लेक्सच्या तिकिटाएवढ्या पैशांत येतो. माझ्या मते पहिल्या वर्षाचं परफेक्ट कलेक्शन तीन पीसचं. एक घरात सापडलेला, एक वापरात असलेला, एक लोहाराकडून बनवून घेतलेला.

आणि वर्षातून एक दिवस या सगळ्यांचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. दसऱ्याला साताऱ्यात जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते. त्याच वेळी गावोगावच्या घरांत विळा, खुरपं, कोयता, पाना, स्क्रूड्रायव्हर आणि हल्ली लॅपटॉपही पाटावर मांडून झेंडूचं फूल वाहिलेलं असतं. येत्या खंडेनवमीला तुमचे तिन्ही पीस बाहेर काढा. पुसा, तेल लावा, धार लावा, फूल वाहा. फोटो काढायचाच असेल तर हाच काढा!

मिरजेच्या त्या मामांकडे आता माझ्या तीन मित्रांच्या ऑर्डर्स गेल्यात. तुमच्या गावातल्या लोहाराला तुम्ही शेवटचं कधी भेटला होतात?